वॉटर किंगडमहून मुलुंडला परत : मावशीचे गुडघे, ओहोटी आणि तीन रस्ते

मुंबईच्या वॉटर किंगडम या वॉटर पार्कला कसं जायचं हे सगळे विचारतात, परत कसं यायचं हे फारसं कोणी विचारत नाही. आणि खरा त्रास तिथेच असतो. सकाळी पोरं उत्साहात असतात, बॅगा कोरड्या असतात, दोन गाड्या बदलाव्या लागल्या तरी कोणाला काही वाटत नाही. संध्याकाळी तीच माणसं दिवसभर पाण्यात खेळून दमलेली, ओल्या कपड्यांच्या पिशव्या जड झालेल्या, लहान पोरगं कडेवर झोपलेलं, आणि त्यात बरोबर एखादं वयस्कर माणूस असेल तर सकाळचाच रस्ता उलटा धरून घरी येणं ही वेगळीच गोष्ट होते. म्हणून आमच्या मावशीच्या घरच्यांच्या परतीचा हा प्रवास सगळा लिहून ठेवतेय, काय विचार केला, काय सोडलं, का सोडलं, हे पण.

माणसं कोण ते आधी सांगते. मावशी, वय सत्तरच्या आसपास, दोन्ही गुडघे दुखतात, सपाट जागेवर बरी चालते पण जिना उतरताना हमखास कोणाचा तरी हात लागतो. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मोठी चौथीतली आणि धाकटा बालवाडीतला. आणि मी. घर मुलुंड पश्चिमेला. मे महिन्यातला रविवार, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. हे पौर्णिमेचं मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे. गाडी करायची नाही हे दादाचं आधीच ठरलेलं, एक तर सहा माणसांना मोठी गाडी लागते आणि दुसरं म्हणजे रविवारी संध्याकाळी त्या बाजूच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की धाकट्याला गाडी लागते, म्हणजे उलट्या सुरू.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. पार्क गोराईला, म्हणजे मुंबई महापालिकेच्याच हद्दीत, पण मध्ये खाडी. बोरिवलीच्या बाजूला गोराई खाडीची जेट्टी आहे, तिथून बोटीने पलीकडे. रस्त्याने यायचं तर उत्तनवरून भाईंदरला मोठा वळसा. आणि बोरिवलीला आलात तरी मुलुंड लांबच, कारण मध्ये संजय गांधी नॅशनल पार्क पसरलंय, शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल. सरळ रेघ मारली तर बोरिवली आणि मुलुंड अगदी जवळ दिसतात, पण त्या रेघेवर रस्ता नाही. त्यामुळे मुलुंड-भांडुपच्या माणसाला वॉटर किंगडमहून येताना दोन अडथळे पार करायचे असतात, आधी खाडी, मग जंगल. पश्चिम उपनगरवाल्यांना फक्त खाडीच असते, म्हणून त्यांनी सांगितलेला रस्ता आपल्याला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

जंगलाला वळसा घालायचे रस्ते तीन.

पहिला वरून. बोरिवली पूर्वेहून घोडबंदर रोडने ठाणे, ठाणे परिवहनच्या बस आहेत, आणि ठाण्याहून एक स्टेशन मागे मुलुंड. एकदा बसमध्ये बसायला मिळालं की काम झालं असं वाटतं, आणि कुठल्या साध्या दिवशी दुपारी असेल तर मी पण हेच सांगेन. पण रविवारी संध्याकाळी गायमुखच्या घाटात काय होतं ते ठाणेकरांना विचारा. गाडी उभी ती उभीच, आणि मध्ये उतरून दुसरं काही करायची सोय नाही, कारण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. शिवाय गोराईची जेट्टी पश्चिमेला आणि ही बस पूर्वेला, म्हणजे स्टेशनचा पूल आलाच.

दुसरा खालून. बोरिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून सेंट्रलने मुलुंड. हा सगळ्यांना पाठ असतो आणि दादा पण हाच धरून चालला होता. तिकीट एकच, पैसे सगळ्यात कमी, गाड्या भरपूर. पण मावशी आदल्या रात्रीच म्हणाली, "मला बसायला मिळालं ना तर मी कुठेही येईन गं, तो दादरचा पूल तेवढा नको." आणि तिचं बरोबर होतं. रविवार संध्याकाळ म्हणजे दादरला खरेदीवाले, लग्नाहून परतणारे, सामानवाले, आणि वेस्टर्नवरून उतरून पुलावर चढायचं, चालायचं, परत सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं. डिसेंबर 2023 पासून तिथले सेंट्रलचे प्लॅटफॉर्म नंबर पण बदललेत, आता वेस्टर्नच्या पुढे सलग 8 ते 14 आहेत, पण जुन्या माणसांच्या डोक्यात अजून जुनेच नंबर बसलेत त्यामुळे पुलावर थांबून विचारणारे खूप. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीत जिना उतरणं म्हणजे मागून येणारा प्रत्येक धक्का भीतीचा.

तिसरा मधून, मेट्रोने. 2ए लाइनने बोरिवली पश्चिम ते अंधेरी पश्चिम, तिथून पुलाने डी. एन. नगर, मग मेट्रो 1 ने घाटकोपर, आणि घाटकोपरहून स्लो लोकल, विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. ऐकताना हा सगळ्यात अवघड वाटतो, कारण गाड्या तीन बदलायच्या. दादा लगेच म्हणाला, "तीन गाड्या कशाला, दादरला एकदाच बदलायचं ना."

इथेच माझं म्हणणं वेगळं होतं. गाड्या किती बदलायच्या हे मोजू नका, जिने किती आणि कुठल्या गर्दीत ते मोजा. मिनिटांचा हिशोब केला तर दादरवरून आणि मेट्रोवरून जवळजवळ सारखाच वेळ लागतो, दहा-पंधरा मिनिटं इकडे तिकडे. पण मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, डबा थंड आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे डी. एन. नगर हे वर्सोव्यानंतरचं दुसरंच स्टेशन. मेट्रो 1 ची खरी गर्दी अंधेरीला चढते. आपण त्याच्या दोन स्टेशनं आधी चढतो, म्हणजे बसायची जागा मिळायची शक्यता खूप जास्त. अंधेरी स्टेशनवरून चढणाऱ्याला जी मेट्रो भरलेली दिसते तीच डी. एन. नगरवाल्याला मोकळी दिसते. म्हणून अंधेरीपर्यंत लोकलने येऊन मग मेट्रो 1 पकडू हा जो चौथा रस्ता वहिनीने सुचवला होता तो पण सोडला, त्यात अंधेरी स्टेशनची गर्दी पण येते आणि मेट्रोत उभं पण राहावं लागतं.

एक गोष्ट नवीन माणसाने नीट लक्षात ठेवायची. बोरिवली पश्चिम मेट्रो स्टेशन आणि बोरिवली रेल्वे स्टेशन जवळ जवळ नाहीत. मेट्रो लिंक रोडवर आहे, रेल्वे स्टेशन आत पूर्वेकडे. जेट्टीहून येताना लिंक रोड आधी लागतो. म्हणजे मेट्रोने जायचं असेल तर रेल्वे स्टेशनपर्यंत जायचंच नाही, रिक्षावाल्याला नुसतं बोरिवली स्टेशन सांगितलंत तर तो तुम्हाला रेल्वेलाच नेऊन सोडणार, स्पष्ट मेट्रो म्हणा.

आता बोट. माझ्या मते सगळ्या प्रवासात हाच एक तुकडा असा आहे की जो आपल्या हातात नाही. लोकल चुकली तर दुसरी येते, मेट्रो चुकली तर दुसरी येते, रिक्षा एकाने नाही म्हटलं तर दुसरा. बोट मात्र तिच्या वेळेने, तिच्या गर्दीने आणि खाडीच्या पाण्याने चालते. म्हणून परतीचा प्लॅन घराच्या वेळेवरून करायचा नाही, बोटीवरून करायचा. आधी बोट ठरवा, मग बाकीचं.

आणि बोट ठरवायची तर भरती-ओहोटी बघायला लागते. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, पक्की वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक बघायचं, पण पिकनिकची तारीख ठरवायला एवढं पुरतं. आता गंमत बघा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईत भरती प्रत्यक्षात या हिशोबापेक्षा थोडी उशिरा, दुपारी बारा-साडेबाराला येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहा-साडेसहाला. आणि ते दिवस उधाणाचे असतात, पाणी जेवढं जास्त चढतं तेवढंच जास्त खाली जातं. म्हणजे बरोबर पार्क रिकामं व्हायच्या वेळेला खाडीचं पाणी सगळ्यात खाली. अष्टमीच्या आसपास उलट, भांगाची भरती, पाण्याचा चढउतार कमी आणि संध्याकाळी पाणी चांगलं भरलेलं.

पाणी खाली गेलं की काय होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. जेट्टीचा जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडतो, त्यावर हिरवं शेवाळ आणि चिखलाचा पातळ थर, आणि बोट खाली असल्यामुळे तेवढं खाली उतरूनच चढायला लागतं. तरुण माणूस उडी मारून जातो. मावशीसारख्या बाईला तो उतार म्हणजे दादरच्या पुलापेक्षा वाईट.

आमचा रविवार पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे भरती पाऊणच्या आसपास आणि ओहोटीचा तळ पावणेसात-सातला. त्यावरून आम्ही ठरवलं की चारला पाण्यातून बाहेर, कपडे बदलून, पोरांना खाऊ घालून पाचच्या सुमारास बोटीवर. दादाला पटायला वेळ लागला. तिकिटाचे पैसे पूर्ण दिवसाचे भरलेत आणि मुलांना शेवटपर्यंत खेळायचंय, हे त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. मग असा तोडगा काढला की सकाळी गेट उघडतानाच आत असायचं. म्हणजे मागचा वेळ पुढे घेतला. मला वाटतं वयस्कर माणूस बरोबर असेल तर हाच व्यवहार बरोबर आहे.

प्रत्यक्षात काय झालं? मुलं अर्थातच चारला बाहेर आली नाहीत, साडेचार झाले. मोठीला वहिनीने समजावलं, धाकटा रडला, रडत रडतच टॉवेलात गुंडाळला. बोटीची रांग होती पण छोटी. पाणी उतरायला लागलं होतं, पण अजून बरंच होतं. बोरिवलीच्या बाजूला उतरताना ओल्या जागेवर पाय ठेवायच्या आधी बोटीवरचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "आजी, मला धरा, बोटीला धरू नका, बोट हलते." एवढं साधं वाक्य, पण अगदी बरोबर. वयस्कर माणूस घाबरलं की बोटीचा कठडा घट्ट धरतं, बोट लाटेने सरकते आणि हात ताणला जातो. जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायचा, दोन्ही पाय जमिनीवर येईपर्यंत सोडायचा नाही. आणि चप्पल. मावशीने मागे पट्टा असलेली चप्पल घातली होती हे बरं झालं, पार्कमधून लोक ओल्या रबरी स्लिपर घालून येतात त्या शेवाळावर सरळ घसरतात.

जेट्टीच्या बाहेर आम्ही दोन रिक्षा केल्या. बोरिवली स्टेशनला बेस्टची 294 जाते, मेट्रोने जायचं नसेल आणि अंगात ताकद असेल तर ती घ्या, मे 2025 पासून साध्या बसचं कमीत कमी भाडं 10 रुपये आणि एसीचं 12. आम्हाला लिंक रोडवर मेट्रोच्या अगदी लिफ्टजवळ उतरायचं होतं म्हणून रिक्षा, मीटर 26 रुपयांपासून सुरू होतो आणि अंतर फार नाही. एक-दोघांनी एवढ्या जवळ यायला नकार दिला, मग रांगेत मागे उभा असलेला एक काका मीटरने यायला तयार झाला आणि त्यानेच दुसऱ्याला हाक मारली.

2ए मध्ये बसायला मिळालं सगळ्यांना. हा भाग खरंच छान गेला, उंचावरून जाते, खिडकीतून पश्चिमेकडे सूर्य खाली येताना दिसत होता, धाकटा वहिनीच्या मांडीवर झोपला. अंधेरी पश्चिमला उतरून डी. एन. नगरकडे पुलावरून चालत जायचं, हे चालणं सपाट आहे पण आहे, मावशीला सावकाश दहाएक मिनिटं लागली. दोन्ही लाइन वेगवेगळ्या संस्था चालवतात, त्यामुळे तिकिटाचा विचार आधी करून ठेवा, झोपलेलं पोर कडेवर घेऊन खिडकीसमोर रांग लावायला नको. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई वन ॲप आलं, त्यात मेट्रो, लोकल, बेस्ट सगळं एकत्र काढता येतं. आमच्यासाठी मीच काढलं, सहा जणांसाठी सहा वेळा मोबाईल बाहेर काढण्यापेक्षा एकाने काढलेलं बरं.

डी. एन. नगरला डबा जवळजवळ रिकामा. अंधेरीला मात्र दार उघडल्यावर माणसांचा लोंढा आत आला आणि दादा माझ्याकडे बघून नुसता हसला. घाटकोपरला मेट्रो संपते, त्यामुळे उतरायची घाई नाही, सगळे उतरू द्या आणि मग उठा. गर्दी जिथे आहे ती घाटकोपरलाच, मेट्रोतून रेल्वेकडे जाणारा लोंढा एकाच दिशेने जातो. तिथे आम्ही बाजूला उभे राहिलो, पहिली झुंड जाऊ दिली, मग लिफ्टने. मुद्दाम स्लो गाडी घेतली, कारण मुलुंड पाचवंच स्टेशन आणि स्लोला चढायला-उतरायला जीव मुठीत धरावा लागत नाही. मावशी, वहिनी आणि मुलं लेडीजमध्ये, मी त्यांच्याबरोबर, दादा बाजूच्या डब्यात. साडेसातच्या आत मुलुंड.

मावशी दुसऱ्या दिवशी उठून चालत मंदिरात गेली. माझ्यासाठी प्लॅन बरोबर होता की नाही याची खरी परीक्षा तीच होती.

पैसे मात्र दादरच्या रस्त्यापेक्षा बरेच जास्त गेले हे सांगायला हवं. दोन मेट्रो, दोन रिक्षा, लोकल. चार तरुण मित्र असतील तर 294 आणि लोकल, दादरला पूल चढा, काही बिघडत नाही. कल्याण-डोंबिवलीवाल्यांनी पण मुलं-म्हातारं बरोबर असेल तर घाटकोपरवरूनच यावं असं मला वाटतं, फक्त घाटकोपरहून त्यांच्या गाड्यांना गर्दी जास्त, तेवढी तयारी ठेवा. मालाड-गोरेगावकडचे मनोरीवरून मार्वेच्या बोटीने पण येऊ शकतात, मार्वेहून मालाड स्टेशनला 272 आहे, पण पार्कपासून मनोरीच्या जेट्टीपर्यंत यायची सोय आधी बघून ठेवा. रविवारचा मेगाब्लॉक दिवसाचा असतो, संध्याकाळपर्यंत संपलेला असतो, तरी गाड्या लगेच वेळेवर येत नाहीत, शनिवारीच बघून ठेवलेलं बरं. आणि सकाळी आत जातानाच बोटीच्या तिकिटावाल्याला विचारा की आज शेवटची बोट कितीची, कारण पावसाळ्यात आणि वाऱ्यात ती हवा बघूनच सुटते. ती चुकली तर गोराई गावातून गावकऱ्यांच्या फेरीने यायचं, आणि तेही नाही झालं तर उत्तनवरून भाईंदर, आणि तो रस्ता रात्री दमलेल्या मुलांबरोबर कोणावर येऊ नये.

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचं काम चालू आहे, नॅशनल पार्कच्या खालून जुळे बोगदे, सगळा मिळून 12.2 किलोमीटर. ठाणे-बोरिवलीचा बोगदा पण चालू आहे. हे झाले की जंगलाचा वळसा संपेल असं सगळे म्हणतात, पण तो संपेल गाडीवाल्यांचा. या नव्या रस्त्यांवरून बेस्टने पहिल्या दिवसापासून बोरिवली पश्चिम ते मुलुंड अशी सरळ बस सोडावी, खालच्या पायरीची, रविवारी संध्याकाळी पण दर पंधरा-वीस मिनिटांनी, असं मी लेखी कळवणार आहे, आणि मुलुंड-भांडुपच्या बाकीच्यांनी पण कळवावं. बोगदा उघडल्यावर मागण्यापेक्षा आत्ता मागितलेलं बरं, तेव्हा वेळापत्रकं ठरून गेलेली असतात.